सोयराबाईंचा कोपरा

हणमंतरावांनी फोन करून सगळं मिटवून टाकलं आहे हे अनुषाला कळलं, तेव्हा हॉलमधला सोफा बाल्कनीत गेला होता, भिंतींवर उमेदवारांच्या नावांचे कागद लागले होते आणि केसरीभाताचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. म्हणजे आता काही बदलायची वेळ टळून गेली होती.

"मिटवलं म्हणजे काय केलंत, अण्णा?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"काही नाही गं. काल संध्याकाळी सगळ्यांना एकेक फोन केला," कॉफीवर फुंकर घालत ते म्हणाले. "आपल्या अभिमन्यूचा तो वकील उमेदवार आहे ना, त्याचं नाव सांगितलं. सगळे सरी, सरी, ठीक आहे म्हणाले. आता तू फक्त नाव वाच, टाळ्या होऊ देत, मग खाऊन घेऊ. नवरा एका कोपऱ्यात, बायको दुसऱ्या कोपऱ्यात, आणि बघायला बाहेरची माणसं. आपल्या घरात ते बरं दिसतं का?"

वर त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू सुनेवर मोठे उपकार करून ठेवलेत. अनुषाला 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' ही म्हण आठवली. पण अण्णांवर रागावणं तिला कधी जमलंच नव्हतं. चिक्कपेटेत सुटांचं दुकान चालवून त्यांनी अर्ध्या बेंगळुरूच्या नवरदेवांना कोट घातले होते, आणि त्याच सुबकपणे समाजाच्या संघाच्या निवडणुका शिवल्या होत्या. त्यांच्या काळात संघाची मतपेटी एकदाही उघडावी लागली नाही. आदल्या दिवशी फोन व्हायचे, दुसऱ्या दिवशी एकच नाव यायचं, हार, शाल, जेवण. 'बिनविरोध' हा शब्द ते देवाच्या नावासारखा उच्चारत. निवडणूक झाली म्हणजे घर फुटलं, अशी त्यांची साधी समजूत होती, आणि सुनेचं घर फुटू नये म्हणून त्यांनी मायेनं हा घोळ घातला होता.

पण ही संघाची निवडणूक नव्हती. अनुषा आणि तिचा नवरा अभिमन्यू वीस-बावीस वर्षं अमेरिकेत आयोवा राज्यात राहिले, तिथले नागरिक झाले. तिथं राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे वरून कुणी ठरवत नाही. राज्याराज्यातले पक्षाचे साधे मतदार ठरवतात. आयोवातली रीत तर आणखी वेगळी. माणसं शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत जाऊन उभी राहतात. यंदा परदेशात असलेल्या मतदारांनाही असं जमायची मुभा मिळाली होती. सौम्यानं, त्यांच्या मुलीनं, हट्टानं अर्ज केला आणि सर्जापूर रोडवरच्या सातव्या मजल्यावरच्या या फ्लॅटला मंजुरी आली. तिकडे संध्याकाळ, इकडे सकाळ. सभा चालवायचं प्रशिक्षण अनुषानं संगणकापुढं बसून घेतलं होतं. सौम्या नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या आत अठराची होणार म्हणून तिलाही मत होतं. आणि मत होतं सासूबाईंना, सोयराबाईंना.

हे हणमंतरावांच्या लक्षात होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी महादेवपुऱ्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत सगळ्यांना फोन केले होते. स्वयंपाकघरात काजू परतत असलेल्या स्वतःच्या बायकोला मात्र काही विचारलं नव्हतं. तिला काय विचारायचं?

सौम्या तीन वर्षांची असताना 'सोयरा जाईल पोरीला सांभाळायला' असं त्यांनीच जाहीर केलं होतं. ती गेली, आणि अकरा वर्षं राहिली. मुलानं कागद पुढं केले तिथं सह्या केल्या, शपथ घेतली, तिकडची नागरिक झाली. हणमंतराव दरवर्षी 'पुढच्या वर्षी येतो' म्हणत राहिले. दुकान होतं, संघ होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा सगळं कुटुंबच परत आलं. आता सौम्याला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ऑगस्टमध्ये निघायचं होतं आणि अज्जीनं बरोबर यावं, निदान पहिलं वर्ष तरी, असं तिचं चाललं होतं. काल रात्री जेवताना हणमंतरावांनी तोही विषय मिटवला. सोयरा जाणार नाही, ठरलंय, असं म्हणून त्यांनी ताक मागितलं. सोयराबाईंनी ताक वाढलं. सौम्या पानावरून उठून गेली.

माणसं आली. संग्राम आणि शिवलीला हे निपाणीकडचं जोडपं सगळ्यांत आधी आलं; दोघंही आयोवात शिकलेली आणि आता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. मग महादेवपुऱ्याचे काहीजण, अभिमन्यूच्या ऑफिसातले. दारात चपलांचा ढीग झाला. हणमंतराव प्रत्येकाला नमस्कार करत होते, पाठीवर हात ठेवत होते, आणि ज्याच्या त्याच्या कानात 'लक्षात आहे ना' एवढंच विचारत होते. शेवटी अनुषानं त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी एका खुर्चीवर बसवलं. तुम्हाला बघता येईल, अण्णा, पण मतदारांशी बोलता येणार नाही, नियम आहे, असं तिनं हळूच सांगितलं. ते हसून म्हणाले की बोलायचं ते कालच बोलून झालं आहे.

मग अनुषा हॉलच्या मध्ये उभी राहिली. बोलू की नको असं तिला क्षणभर झालं. समोर सासरे होते, शेजारी नवरा होता, आणि नवऱ्याचाच उमेदवार जिंकायच्या बेतात होता. तिनं आधी इंग्रजीत आणि मग अण्णांना समजावं म्हणून मराठीत सांगितलं, की काल सगळ्यांना माझ्या सासऱ्यांचा फोन आला आहे, तो मायेचा फोन होता, पण या सभेशी त्याचा काही संबंध नाही. कुठं उभं राहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं जमणार नाहीत तो कोपरा मोडेल. तिथल्यांना मग दुसरीकडे जाता येईल, नाहीतर त्यांचं मत कुठंच धरलं जाणार नाही. आणि ज्यांचा कोपरा टिकला, त्यांना नंतर हलता येणार नाही.

हणमंतरावांनी मान खाली घातली. सून चुकीचं बोलली नव्हती. तरी चारचौघांत बोलली, हे त्यांना लागलं.

जेवणाच्या टेबलाकडचा कोपरा वकिलाचा. अभिमन्यू तिथं गेला आणि त्याच्यामागून बरीच माणसं गेली. काही मनानं गेली, काही म्हाताऱ्याचा मान राखायला. बाल्कनीच्या दाराशी एका डॉक्टरीणबाईंचा कोपरा होता. सौम्या तिथं जाऊन उभी राहिली आणि वडिलांकडे न बघता मोबाइल चाळू लागली. शिवलीलानं संग्रामला टेबलाकडे जाऊ दिलं आणि स्वतः सरळ बाल्कनीकडे निघाली. जाता जाता खुर्चीपाशी थांबली.

"अण्णा, फोनवर सरी म्हटलं ते तुमच्या वयाला म्हटलं," ती म्हणाली. "मत माझं मी ठेवलं होतं. राग धरू नका."

बोलायचं नाही हा नियम आठवून हणमंतरावांनी नुसता हात हलवला. एवढ्यात सोयराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. सगळ्यांना वाटलं त्या नाश्त्याचं विचारायला आल्या असतील. त्यांनी भिंतींवरचे कागद एकेक करून वाचले. मग टेबल मागं टाकलं, बाल्कनीचं दार मागं टाकलं, आणि बाहेरच्या दाराजवळ जोड्यांच्या कपाटापाशी, जिथं तिसऱ्या उमेदवाराचं नाव लावलं होतं, तिथं जाऊन उभ्या राहिल्या. त्या उमेदवाराला घरात मास्तर म्हणत, कारण तो एके काळी शाळेत शिकवायचा. त्याच्या कोपऱ्यात दुसरं कुणीच नव्हतं.

अभिमन्यूला आधी हसू आलं. आईचा काहीतरी गोंधळ झालाय, असं त्याला वाटलं. अनुषानं मोजणी केली, वकिलाचा कोपरा टिकला, डॉक्टरीणबाईंचा टिकला, मास्तरांचा मोडला. आता दोन्हीकडच्यांनी येऊन सोयराबाईंना समजवायचं होतं. तसा नियमच होता, आणि खरं तर त्यातच सगळी गंमत होती. पण गंमत कुणाला वाटत नव्हती, कारण काल रात्रीचं जेवण सगळ्या घराच्या पोटात तसंच होतं.

अभिमन्यू जवळ गेला. त्यानं आईला सांगितलं की मास्तरांचं काही खरं नाही, त्यांना कुठंच पाठिंबा नाही, महिन्याभरात ते घरी बसतील. तुझं मत वाया जाईल. इकडं ये, माझ्या शेजारी उभी राहा. एरवी तो आईशी असा हळू बोलत नसे. कागद पुढं केले की आई सही करते याची त्याला इतकी सवय होती, की ती तिथंच उभी राहिली तेव्हा त्यानं तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मग सौम्या आली. तिनं अज्जीचा हात धरला.

"अज्जी, प्लीज. आपण दोघी एकत्र. तू माझ्याबरोबर येणारच आहेस ना तिकडे? अज्जा काही म्हणू देत. मी तुझं तिकीटसुद्धा बघून ठेवलंय."

सोयराबाईंनी नातीकडे बघितलं. या पोरीला त्यांनी बर्फात चालायला शिकवलं होतं, स्वतः घसरत घसरत. पोर गोड होती आणि अगदी अज्जावर गेली होती.

"तूही ठरवून टाकलंस होय," त्या म्हणाल्या.

सौम्याचा हात सैल पडला.

"स्वल्प थांबा सगळे," सोयराबाई म्हणाल्या. "मला सांगू द्या मी इथं का उभी आहे. गोंधळ झालेला नाही माझा. सौम्ये, गेल्या उन्हाळ्यात तुझं कॉलेज बघायला गेलो होतो, तेव्हा आपल्या जुन्या गावच्या लायब्ररीत हा मास्तर आला होता. आठवतंय?"

सौम्यानं मान हलवली. खालच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या होत्या.

"सगळ्यांशी हात मिळवत तो माझ्याजवळ आला आणि विचारलं, तुम्हाला काय हवंय? मला इंग्रजी पटकन सुचेना. तर तू माझ्या वतीनं सांगायला लागलीस. त्यानं तुला थांबवलं. म्हणाला, यांनाच सांगू दे. आणि उभा राहिला. मागं माणसं खोळंबली होती, त्याचा माणूस घड्याळ दाखवत होता, तरी हा आपला उभा. शेवटी मी सांगितलं, रविवारी बस नसते, रविवारी बस हवी. मला एकटीला कुठं जाता येत नाही. तो काही बस सुरू करणार नाही, कळतं मला. निवडून तर मुळीच येणार नाही. पण माझं सगळं आयुष्य गेलं, मला काय हवंय ते विचारून उत्तराला थांबलेला तो पहिला माणूस. म्हणून मी त्याच्याकडे. मत वाया गेलं तर जाऊ दे."

अभिमन्यूचे डोळे भरून आले, आणि लोक बघताहेत म्हणून त्यानं चष्मा पुसायला घेतला. त्याला आईच्या कोपऱ्यात उभं राहावंसं वाटत होतं. त्यानं अनुषाला तसं विचारलंसुद्धा. ती नाही म्हणाली. तुझा कोपरा टिकलाय, तुला हलता येणार नाही, सौम्यालाही नाही. ती स्वतः आधीच डॉक्टरीणबाईंच्या कोपऱ्यात मोजली गेली होती.

स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या हणमंतरावांना आता कळत होतं की आपल्याला काहीतरी होतंय. हे दुखणं हृदयाचं नव्हतं. आपल्या बायकोनं आपली तक्रार एका शब्दानं केली नाही, नावसुद्धा घेतलं नाही, तरी भरल्या हॉलमध्ये सगळं सांगून टाकलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी तिला पाठवलं तेव्हा विचारलं नव्हतं. ठेवून घेतलं तेव्हाही विचारलं नव्हतं. संघात निदान लोकांना फोन करून सरी म्हणवून घ्यायचे, हिच्यासाठी तेवढाही त्रास घेतला नव्हता. बिनविरोध संसार केला, असं ते पुष्कळांना अभिमानानं सांगत आले होते. आता ते शब्द त्यांना स्वतःच्याच तोंडात नको वाटले.

ते उठले. गुडघ्यांनी नेहमीसारखी कुरकुर केली. हॉल ओलांडून ते जोड्यांच्या कपाटापाशी गेले आणि सोयराबाईंच्या शेजारी उभे राहिले.

"अण्णा," अनुषा म्हणाली, "तुम्हाला धरता येणार नाही हो. तुमचं मत नाही."

"नको धरू," ते म्हणाले. "मी नुसता उभा राहतो."

अनुषानं नियमांच्या कागदाकडे एकदा बघितलं आणि तो घडी करून ठेवला. तिनं मोजणीचे आकडे वाचले. वकील पहिले आले, डॉक्टरीणबाई दुसऱ्या. मास्तरांच्या नावापुढं काही लिहिलं गेलं नाही. टाळ्या वाजल्या, त्याही जरा जपूनच. मग शिवलीलानं समजूतदारपणे सगळ्यांना नाश्त्याकडे वळवलं आणि ताटल्यांचे, चमच्यांचे आवाज सुरू झाले. सौम्या मात्र हलली नाही. मोजणीला ती बाल्कनीच्या दाराशी परतली होती, आणि तिथूनच आजी-आजोबांकडे बघत होती.

म्हातारा-म्हातारी अजून कपाटापाशीच होती. हणमंतराव चपलांच्या ढिगाकडे बघत होते. फोनवर शंभर माणसं हाताळलेल्या माणसाला एक वाक्य जुळवताना घाम फुटला होता.

"सोयरा," ते शेवटी म्हणाले, "तुला काय हवंय?"

सौम्यानं ते ऐकलं. सोयराबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. हणमंतरावांना मधेच दोनदा बोलावंसं वाटलं. तू नाहीस तर माझ्या गोळ्या कोण देणार, हे अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला जायचंय," सोयराबाई म्हणाल्या. "सौम्येसाठी नव्हे. ती राहील नीट. मला तिथली लायब्ररी आवडते. गुरुवारी तिथं बायका जमतात, त्यात मी गोधडी शिवायची. नदीकाठची ती पायवाट आवडते. तिथं मला सोयराबाई म्हणून ओळखणारी माणसं आहेत. कायमचं नको. हिवाळाभर राहून येईन." मग, थोड्या वेळानं, "आणि तुम्हाला इथं सोडून गेले तर तिथं माझं मन लागणार नाही. अकरा वर्षं लागलं नाही. हे दोन्ही खरं आहे. काय करू सांगा."

एरवी हणमंतरावांनी एका श्वासात सांगितलं असतं.

"मला नाही सांगता येत," ते म्हणाले. "पण मला तरी कुणी विचारलं का, चलता का म्हणून? तूपण कधी विचारलं नाहीस. मी आपला दरवर्षी दुकानाचं कारण सांगत राहिलो. तिथं भाषा येत नाही, रस्ता कळत नाही, मुलाच्या दारात मी कोण, असं वाटायचं. भीती वाटायची. कुणाला सांगणार?"

सोयराबाईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत या माणसाला कशाची भीती वाटते, हे त्यांना त्याच्या तोंडून प्रथमच कळत होतं. त्यांना वाईट वाटलं आणि त्याच वेळी हलकंही वाटलं.

"मी विचारलं नाही, खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण वाट बघितली."

"मला काय ठाऊक?"

"आपल्या खोलीतल्या कपाटात वर तो काळा लोकरी कोट टांगलाय ना?"

"अभिमन्यूचा?"

"अभिमन्यूचा कसा असेल? त्याला बाह्या आखूड होतात, खांद्यात आवळतो. जन्मभर लोकांची मापं घेतलीत, आणि तीन वर्षं रोज ते कपाट उघडता." त्यांनी नवऱ्याच्या दंडावरून हात फिरवला, टाके तपासावेत तसा. "तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात घेतला होता. तुमच्या मापाचा आहे."